पंगत उठेपर्यंत

दोर भाऊसोंनी स्वतः निवडला होता. काथ्याचा, मनगटाएवढा जाड. फौजेत अठ्ठावीस वर्षं बिघडलेल्या गाड्यांच्या पोटात हात घालून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला दोर बघताक्षणी कळतो. त्याचं एक टोक त्यांनी ट्रॅक्टरला बांधलं, दुसरं हातात घेऊन ते शेडकडे निघाले, तर शेडच्या दारात शिवांजली आडवी उभी.

"काका, दोर सोडा."

"अगं, दुसऱ्या गिअरात टाकायची, ट्रॅक्टरनं वढायची आन क्लच सोडायचा. लेहला बर्फात महिना महिना उभ्या ऱ्हायलेल्या गाड्या अशाच चालू केल्यात मी."

"त्या गाड्यांना पिस्टन होते."

"मग हिला काय हाय?"

"त्रिकोण."

भाऊसोंनी ट्रॅक्टरवर बसलेल्या ऋषिराजकडे पाहिलं. ऋषिराजनं आभाळाकडे पाहिलं. आपली थोरली बहीण सांगलीला आयटीआयमध्ये पोरांना इंजिनं शिकवते, हे त्याला माहीत होतं. पण ती घरात येऊन शिकवेल याची तयारी त्यानं ठेवली नव्हती.

गाडी भाऊसोंच्या थोरल्या भावाची, गुंडातात्यांची. विट्याकडची माणसं सगळ्या देशात सोनं आटवायला पांगलेली. तात्यांचं दुकान कोइमतूरला. तिथल्या एका गिरणीमालकाला शर्यतींचा नाद होता. नाद संपला तेव्हा त्यानं ही लाल, बुटकी जपानी गाडी तात्यांच्या गळ्यात मारली. तात्या तिच्यातून दर वर्षी बिरोबाच्या जत्रेला करंजवाडीला यायचे. इंजिनाचा आवाज भुंग्यासारखा. फाट्यावर भुंगा आला की इकडे चुलीवर चहाचं आधण पडायचं. तात्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून गाडी शेडमध्ये आणि तिच्यावर भुईमुगाची पोती. तात्यांची पोरं, ऋषिराज आणि यशराज, आता दुकान बघतात आणि जत्रेला ज्या गाडीतून येतात तिचा आवाज कुणाच्याच लक्षात राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी शिवांजलीनं जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केली होती. बहिणींनी करायचीच असते. भावांनी तिला रिवाजाप्रमाणे साडी दिली, सगळ्यांनी बासुंदी खाल्ली, आणि साक्षीदार म्हणून भाऊसोंनी अशी वळणदार सही ठोकली की दुय्यम निबंधकानं मान वर करून पाहिलं. यंदा जत्रेच्या चार दिवस आधी येऊन शिवांजली म्हणाली, त्या कागदात गाडी नव्हती, आणि गाडी मला पाहिजे.

यशराजचं म्हणणं पडलं की कोइमतूरचा एक शौकीन गाडी आहे त्या अवस्थेत न्यायला तयार आहे, तेव्हा हा विषय संपलेला आहे. ऋषिराजनं बॉनेट उघडून पाहिलं. हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदरीण बाळंत झाली होती. त्यानं बॉनेट हळूच लावलं आणि मोठ्या मनानं जाहीर केलं की अक्कानं ही गाडी जत्रेच्या दिवशी न ओढता, तिच्याच चाकांवर बिरोबाच्या देवळापर्यंत नेऊन परत आणली, तर गाडी अक्काची. न्हाईतर शौकिनाची. तसं संमतीपत्र लिहून दोघा भावांनी आणि आईनं सह्या केल्या. कागद भाऊसोंच्या खिशात गेला. निवाडा त्यांनी करायचा, कारण ते साताऱ्याला राहतात आणि दोन्हीकडचं मीठ सारखंच खातात. शिवांजलीनं गाडीचा विमा महिन्यापूर्वीच उतरवला होता, हे ऋषिराजला सही झाल्यावर कळलं.

तर त्रिकोण. शिवांजलीनं शेडच्या दारातच काडीनं मातीत आकृती काढली. या इंजिनात वरखाली होणारं काही नाही. एका फुगीर खोलीत एक त्रिकोण गरागरा फिरतो, त्याच्या शेजारच्या खोलीत दुसरा. प्रत्येक त्रिकोणाच्या टोकांना आणि कडांना पातळ पट्ट्या असतात, त्या भिंतींना घासत राहतात आणि दाब अडवून धरतात. नऊ वर्षांत त्या पट्ट्या काजळीनं खाचेत चिकटल्या असणार. अशात ट्रॅक्टरनं हिसका दिला की पट्टी तुटणार, तुटलेली पट्टी भिंत सोलणार, आणि मग तुमच्या सुभेदारकीचा उपयोग फक्त भंगारवाल्याशी बोलायला.

शेवटचं वाक्य तिनं अर्थातच असं म्हटलं नाही. पण भाऊसोंना ते तसंच ऐकू आलं. त्यांनी दोर गुंडाळला. ऋषिराजला तो वळसा आवडला नाही. ट्रॅक्टरचा पक्ष तिथं फुटला होता.

पुढचे तीन दिवस शिवांजली शेडमध्ये होती आणि भाऊसो, निवाडा करणाऱ्यानं अलिप्त राहायचं असतं म्हणून, खुर्ची टाकून तिच्यापासून चार हातांवर होते. तिनं टाकी रिकामी केली. त्यातून आलेल्या पेट्रोलला जुन्या रोगणाचा वास होता. रबराच्या नळ्या हातात तुटल्या, त्या सगळ्या बदलल्या. इंजिन ऑइल, पाणी, बॅटरी बदलली, उंदरीण कुटुंबासह कडब्याच्या गंजीत पोचवली. ब्रेक उघडून साफ केले. गाडी चालण्याआधी थांबली पाहिजे, हे तिचं वाक्य भाऊसोंनी मनात लिहून ठेवलं. शेडच्या दाराशी वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझवायचं नळकांडं मांडलं. यशराज येता-जाता विचारायचा की अक्का, चालू कधी करणार, आणि ती म्हणायची, अजून न्हाई. फौजेत इतका वेळ लावला असता तर लढाई संपून तह झाला असता, असं भाऊसोंच्या मनात आलं. ते मनातच राहिलं, कारण तोवर ती त्यांना पाना धरायला देऊ लागली होती.

चारी प्लग काढून तिनं भोकांतून दोन्ही खोल्यांत थोडं थोडं तेल सोडलं आणि ते रात्रभर मुरू दिलं. सकाळी पुढच्या शाफ्टच्या बोल्टावर लांब पाना लावून म्हणाली, "काका, तुम्ही फिरवा. इंजिन चालताना फिरतं त्याच बाजूनं. अडलं तर थांबायचं, जोर करायचा न्हाई. मी ऐकते."

भाऊसोंनी जन्मात जोर न करता कुठलं इंजिन फिरवलं नव्हतं. पाना तसूभर हलला, अडला, थांबला. पुन्हा तेल. पुन्हा तसूभर. तासाभरानं शाफ्टनं पहिला पूर्ण फेरा घेतला आणि प्लगच्या भोकातून आवाज आला: फुस्स. शिवांजलीनं बोट वर केलं. त्रिकोणाच्या तीन बाजू, म्हणजे तीन फुस्स, आणि तिन्ही सारखे. पहिल्या खोलीतून आले तीन. दुसऱ्या खोलीतून आले दोन. तिसऱ्याच्या जागी नुसताच पाना फिरला.

"एका कडेची पट्टी अडकलीय," ती म्हणाली.

"कुणाला सांगू नगं," भाऊसो म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की निवाडा करणारा माणूस असं बोलत नाही.

आणखी तेल, आणखी एक रात्र. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी चहाच्या आधी पाना धरला. फुस्स, फुस्स. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा फेरा. फुस्स, फुस्स, आणि मागाहून, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा, तिसरा. बारीक होता, पण होता. भाऊसोंनी पाना खाली ठेवला आणि मिशीवरनं हात फिरवला. शिवांजलीनं गाडीच्या टपावर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

दुपारी ऋषिराजनं भाऊसोंना बांधावर गाठलं. काका, तुम्ही नियमानं वागणारा माणूस, म्हणाला, आणि तुम्ही पाना फिरवताय. भाऊसो म्हणाले, पाना जड हाय. ऋषिराज म्हणाला, ट्रॅक्टर तर त्याहून जड होता, तो सोडलात. यावर भाऊसोंनी त्याला वाऱ्याची दिशा दाखवली आणि यंदा ज्वारी कशी पडली ते विचारलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी दहाला शेडसमोरच्या अंगणात गाडी उभी. मांडवात पहिली पंगत बसायला वेळ होता. चुलाणांवर मटणाचा रस्सा रटरटत होता. शिवांजलीनं सगळ्यांना बजावलं: आत तेल आहे, धूर होईल, घाबरायचं नाही. आणि एकदा चालू झाली की गरमीचा काटा मध्यावर येईपर्यंत कुणी चावीला हात लावायचा नाही. हे इंजिन थंडपणी बंद केलं की आत पेट्रोल साचतं, तेल धुऊन जातं आणि मग ते पुन्हा पेटत नाही. हाच हुकूम भाऊसोंनी पुढं होऊन मोठ्यानं तीनदा सांगितला. एकदा भावांना, एकदा आचाऱ्याला आणि एकदा दूध घालायला आलेल्या माणसाला.

इंधनाचा फ्यूज काढून तिनं आधी नुसतंच इंजिन घुमवलं, तेल चढू दिलं. मग नवे प्लग, मग फ्यूज. चावी.

गाडी खोकली, थुंकली, आणि पेटली. मागून असा पांढरानिळा धूर निघाला की मांडव दिसेनासा झाला. गावातून दोघे जण घागरी घेऊन धावत आले, त्यांना बसवून चहा दिला. धुराच्या आत कुठंतरी भुंगा बोलत होता; अडखळत, पण तोच. ऋषिराज हातात वाढप्याची बादली घेऊन उभा होता. त्याचा चेहरा क्षणभर दहा वर्षांच्या पोराचा झाला, आणि लगेच त्यानं तो आवरला.

त्याच वेळी घरातून बनुबाई आल्या. तात्यांच्या पत्नी, तिघांच्या आई. डोक्यावर पदर, हातात ताट. नऊ वर्षांनी दाराबाहेर पडणाऱ्या गाडीला ओवाळल्याशिवाय कसं सोडायचं? मागोमाग नारळ आणि चाकाखाली ठेवायला लिंबू. शिवांजली मागच्या बाजूला वाकून धूर निवळतोय का ते बघत होती. बनुबाईंनी काडी ओढली; गाडीच्या पंख्याच्या वाऱ्यानं निरांजन विझलं. पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. त्या शेजारी उभ्या असलेल्या दिराकडे वळल्या.

"भाऊजी, जरा बंद करा की वो. भडभडत्या गाडीला ववाळायचं तरी कसं?"

चाळीस वर्षांत भाऊसोंनी या बाईला एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांचा हात आत गेला आणि चावी फिरली.

अंगण शांत झालं. निरांजन सरळ उभं राहिलं. बनुबाईंनी गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं, भाऊसोंनी नारळ फोडला आणि तो फोडताना त्यांना शिवांजलीचा चेहरा दिसला.

"कुणी बंद केली?"

तिनं काट्याकडे पाहिलं. तो तळालाच होता. मग चावी फिरवली. इंजिन घुमलं, नुसतंच घुमलं. पुन्हा. ओल्या पेट्रोलचा वास अंगणभर पसरला.

"आई, निरांजन आत ने आधी," ती एवढंच म्हणाली.

ऋषिराजनं बादली खाली ठेवली. झालं, म्हणाला, गाडी चालू झाली हे मान्य, पण अट चालू व्हायची नव्हती, जाऊन यायची होती. यशराजनं खिशातला फोन बाहेर काढून त्याचं म्हणणं बरोबर असल्याचं सूचित केलं. सगळे भाऊसोंकडे बघू लागले, म्हणजे त्यांच्या खिशाकडे.

भाऊसोंनी घसा साफ केला. "चावी म्या फिरवली. निवाडा करणाऱ्याच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला न्हाई. आनि एक संधी देतो."

"कुठवर?"

त्यांनी मांडवाकडे पाहिलं. दुसरं काही सुचलं नाही. "शेवटची पंगत उठंपर्यंत."

ऋषिराजला हे पटलं. पंगती त्याच्याच हातात होत्या. पहिली बसली ती त्यानं रेल्वे सुटायच्या वेळी जेवतात तशी जेवू घातली. दुसरी आणि तिसरी त्यानं एकच केली. वाढप्यांना तो म्हणत होता, चला चला, रस्सा फिरवा, भाकरी टाका, पाव्हणं उन्हाचं खोळंबल्यात. पाहुण्यांना हा अगत्याचा कळस वाटला.

इकडे शिवांजलीनं फ्यूज काढला, चारी प्लग काढले. प्लग भिजलेले, काळे. तिनं भाऊसोंना दूर उभं करून इंजिन घुमवलं. भोकांतून साचलेल्या पेट्रोलचे फवारे उडाले. थांबायचं, वारा लागू द्यायचा, पुन्हा घुमवायचं. भाऊसो प्लग फडक्यानं पुसत होते. शिवांजलीनं त्यांना काही म्हटलं नव्हतं. तिनं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

"शिवा, त्या हक्कसोडीच्या वक्ताला," ते अखेर प्लगकडे बघत म्हणाले, "तू सही कराय लय येळ घेतला हुतास. मला वाटलं पेन चालत नसंल."

"पेन चालत होतं काका."

भाऊसोंनी तोच प्लग पुन्हा पुसला.

मांडवात पुरुषांच्या पंगती संपल्या. बायकांची बसली आणि तीही उठायला आली. ऋषिराज आईपाशी गेला. त्याचा आवाज अंगणात स्पष्ट ऐकू येत होता.

"आई, बस की आता जेवायला."

"बसते की. सगळ्यांचं हू दे."

"झालं सगळ्यांचं. तू एकटीच ऱ्हायलीस."

"तुझा चुलता जेवला?"

ऋषिराजनं शेडकडे पाहिलं.

"घरातला थोरला माणूस उपाशी आन मी पान वाढून घिऊ?" बनुबाई म्हणाल्या, आणि ओट्यावर भाकरीची टोपली मांडीशी घेऊन बसल्या. त्या बसल्या म्हणजे पंगत उठली नव्हती, कारण शेवटची पंगत अजून बसलीच नव्हती. ज्या बाईनं दोन वर्षांपूर्वी पोरीला समजावून सहीला पाठवलं, तीच ही. आणि तिच्या तोंडाकडे बघून काही कळेल तर शपथ.

ऋषिराज शेडकडे आला. त्याच्या हातात ताट होतं: तांबडा रस्सा, सुकं मटण, बाजरीची भाकरी, कांदा. "काका, इथंच घ्या दोन घास. सकाळपास्नं उभं हायसा."

भाऊसोंनी सकाळपासून फक्त चहा घेतला होता. सुक्यात खोबरं खरपूस भाजलेलं होतं, हे त्यांना न बघता कळलं. जत्रेच्या मटणासाठी ते साताऱ्याहून दोन एस्ट्या बदलून आले होते.

"भूक न्हाई," ते म्हणाले. या माणसानं आयुष्यात उच्चारलेल्या खोट्यांत हे सर्वांत मोठं असावं.

"चार घास तर खावा."

"पित्त झालंय."

ऋषिराजनं शिवांजलीकडे पाहिलं. ती कोपरापर्यंत काळी होती आणि कपाळावर तेलाचा पट्टा होता. तो ताट घेऊन परत गेला. भाऊसोंनी डोळ्यांनी त्या ताटाला मांडवापर्यंत सोबत केली.

प्लग कोरडे झाले. दोन्ही खोल्यांत चमचाभर तेल गेलं, प्लग बसले, फ्यूज बसला. या वेळी शिवांजलीनं कुणाला बोलावलं नाही. चावी फिरवली, इंजिन घुमलं, घुमलं, एकदा शिंकलं, आणि धरलं. धूर मघापेक्षा कमी होता. दोघं काट्याकडे बघत बसले. तो हलला, चढू लागला, आणि सावकाश मध्यावर येऊन टेकला. तिनं अंगणातच तीनदा ब्रेक दाबून पाहिले.

"बसताय का काका?"

भाऊसो बसले. गाडी इतकी बुटकी, की त्यांना आपण रस्त्यावरच मांडी घातल्यासारखं वाटलं. मांडवातली माणसं उठून बघू लागली, भुंगा फाटकातून बाहेर पडला, आणि बिरोबाच्या माळापर्यंतचं दीड किलोमीटर कधी संपलं ते कळलं नाही. जत्रेची गर्दी बाजूला सरली. एका म्हाताऱ्यानं आवाज ऐकून, तात्या आलं, असं म्हटलं आणि मग स्वतःच ओशाळला. शिवांजलीनं काच खाली करून हात जोडले, इंजिन चालूच ठेवून देवळाला वळसा घातला आणि ती परत फिरली.

फाट्यावर ती थांबली. डावीकडे गाव. उजवीकडे तासगाव, तिथून सांगली.

"लय दिवस बसलेल्या इंजिनाला लांबची चाल बरी असते," ती समोर बघत म्हणाली.

"पेट्रोल किती हाय?"

"घरापर्यंत पुरेल."

घर म्हणजे कुठलं, हे भाऊसोंनी विचारलं नाही. डावीकडे गेलं की अट पुरी होत होती, कागद द्यायचा होता, मटण खायचं होतं. फक्त त्या अंगणात गाडी पुन्हा बंद करावी लागली असती, आणि चावीजवळ पुन्हा माणसं असती, प्रत्येकाचं काही ना काही कारण असलेली. त्यांनी खिशातून संमतीपत्र काढलं, घडी सरळ केली आणि समोरच्या कप्प्यात ठेवून कप्पा लावला. मग हाताची घडी घातली आणि उजवीकडे बघितलं.

शिवांजलीनं सिग्नल दिला. रस्त्यावर कुणीच नव्हतं, तरी दिला.

सहा-सात किलोमीटर गेल्यावर फोन वाजला. ऋषिराज.

"काका, कुठं हायसा?"

"तासगावच्या वाटंला."

मागं भांड्यांचा आवाज. "देवळापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. परत न्हाई आली म्हणजे अट मोडली."

"कुणी सांगितलं येणार न्हाई? यील की परत." भाऊसो आरामात मागं टेकले. "पुढच्या जत्रंला. कागदात जत्रंचा दिस हाय, साल न्हाई."

ऋषिराज हसला की सुस्कारला, हे इंजिनाच्या आवाजात नीट कळलं नाही. मागून बनुबाई विचारत होत्या, काय म्हणत्यात, कवा यायल्यात.

"पुढच्या जत्रेला येणार म्हणत्यात," ऋषिराजनं आईला सांगितलं.

"मग वाढ मला," बनुबाई म्हणाल्या.